शिंका येतात त्या प्रतिकारशक्ती कमी म्हणून नव्हे

परवा पावसाची झड लागली म्हणून ट्रंकेतली गोधडी काढली, एकदा झटकली आणि पाठोपाठ अकरा शिंका आल्या. नाकातून पाण्याची धार, टाळूला खाज. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं, “प्रतिकारशक्ती कमी झालीय, काढा घे.” हा समज घरोघरी आहे आणि तो साफ उलटा आहे. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती निरुपद्रवी कणावर नको तितकी तुटून पडते. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर ॲलर्जीवाल्याने पैसे घालवू नयेत.

नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनने भरलेल्या शेकडो बारीक पिशव्या, आणि अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं (बाहेरचा कण ओळखून पकडणारी प्रथिनं), इंग्रजी वाय अक्षरासारखी, देठ पेशीत रोवलेला आणि हात बाहेर. एकाच प्रतिपिंडाने कण पकडला तर काहीच घडत नाही. पण एकाच कणाला शेजारच्या दोन प्रतिपिंडांनी धरलं की त्यांच्यात पूल बांधला जातो, ती ज्यांत रोवलेली असतात ते पेशीवरचे ग्राहक (रिसेप्टर) जवळ ओढले जातात, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि पिशव्या बाहेर रित्या होतात. हिस्टामिन चेतातंतूंना डिवचतं, म्हणून शिंका. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, म्हणून पाणी. हे सगळं काही मिनिटांत. काही तासांनी इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या रक्तपेशी तिथे गोळा होतात आणि मग नाक चोंदतं. म्हणूनच हिस्टामिनला अडवणाऱ्या ॲलर्जीच्या गोळीने शिंका थांबतात, पण चोंदलेलं नाक तितकंसं सुटत नाही. त्यावर डॉक्टर स्टिरॉइडचा फवारा देतात. तो रोज, काही दिवस नेमाने मारला तरच पुरता गुण येतो.

हे रक्तातलंच काहीतरी आहे, हे 1921 मध्ये कळलं. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात क्युस्टनर या डॉक्टरांना माशाची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि गांधी उठली! ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई, हे इशिझाका या शास्त्रज्ञ दांपत्याने दाखवून देईपर्यंत 1966 साल उजाडलं.

माझ्या गोधडीत होते माइट, म्हणजे धुळीतले बारीक किडे. जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणाच शोषतात. त्यामुळे पावसाळा त्यांना मानवतो आणि कोरडी हवा सोसत नाही. गाद्यांना ऊन दाखवायची आपली रीत इथे कामी येते. मात्र उन्हाने माइट मेले तरी विष्ठा उरतेच, म्हणून अंथरूण बाहेर नेऊन झटकावं (ॲलर्जी नसलेल्याने), आणि चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत. केर काढताना फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

मिठाच्या पाण्याने नाक धुणंही चांगलं. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण पाऊण चमचा. रक्ताइतकाच खारटपणा असल्याने झोंबत नाही. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या कच्च्या पाण्यात नेग्लेरिया हा अमीबा असू शकतो आणि नाकावाटे तो मेंदूत पोचतो. जलनेतीने चष्मा जातो वगैरे सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

आणि नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घालू नका. त्यानंतर नाक त्या थेंबांमुळेच चोंदायला लागतं.