नाव न देताही सापडणारा माणूस

परवा संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मामांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. कुणीतरी धाडलेली लिंक होती: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, पिनकोड भरा आणि वर्षाचं भविष्य बघा. शेवटचा प्रश्न, ‘सध्या काळजी कशाची?’ मामांनी ‘कर्ज’ निवडलं होतं आणि बोट ‘पाठवा’वर निघालं होतं. मी थांबवलं तर म्हणाले, ‘‘नाव कुठं दिलंय मी? आणि आपल्यात लपवण्यासारखं काय हाय?’’

असं समजणारे मामा एकटे नाहीत, म्हणून त्यांना दाखवलेला हिशेब इथं मांडतो.

देशात माणसं साधारण 140 कोटी, पिनकोड सुमारे 19 हजार. एका पिनकोडात सरासरी 74 हजार माणसं आली. मामांनी 416नं सुरू होणारा पिनकोड टाकला की ते 140 कोटींतून थेट या 74 हजारांत येतात. ‘पुरुष’ म्हटलं की उरले 37 हजार. आता जन्मतारीख. आयुष्य 80 वर्षांचं धरलं तर तारखा होतात 80 गुणिले 365, म्हणजे 29,200. एवढ्या खणांत 37 हजार पुरुष वाटले तर एका खणात एक, फार तर दोन. त्यात मामा सत्तरीचे. त्या वयाचे खण आणखी विरळ.

माहितीशास्त्रात हे ‘बिट’मध्ये मोजतात. ज्या हो-नाही उत्तरानं गर्दी निम्मी होते, ते उत्तर एक बिटाचं. 2चा 31वा घात 214 कोटी, म्हणजे 140 कोटींतला कुणीही हुडकायला 31 बिट पुरतात. लिंग 1 बिट, पिनकोड सुमारे 14, जन्मतारीख जवळपास 15. झाले 30! गर्दीचा भागाकार होत जातो तशी बिटांची बेरीज होते. शाळेतलं लॉगॅरिदम ते हेच. मला या बेरजेचं अजूनही नवल वाटतं.

अमेरिकेत 1990च्या दशकात लटान्या स्वीनी या संशोधिकेनं हे करून दाखवलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. तिनं केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड यांवरून दोन्ही याद्या जुळवल्या. मतदारयादीत नावंही होती. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहायचे. त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. गव्हर्नरांचे आजार तिच्या हाती आले.

मामांची दुसरी यादी कुठली? दिवाळीच्या खरेदीत महाद्वार रोडवर भरलेलं लकी ड्रॉचं कुपन. त्यावर नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, पत्ता, सगळं होतं. ती यादी कुणी विकली आणि या लिंकवाल्याच्या हाती लागली, तर ‘कर्ज’ या शब्दाला नाव आणि नंबर चिकटतो. मग ‘कर्ज माफ करून देतो’ म्हणणारा माणूस मामांना नावानं हाक मारत फोन करेल. जन्मतारखेवरून उद्याचं काही कळत नाही, ग्रहताऱ्यांना तुमच्या हप्त्यांशी घेणंदेणं नाही. पण माणूस मात्र तिच्यावरून नेमका सापडतो. आणि पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

मामांनी लिंक पुसली. लॉजवर देण्यासाठी आधारची फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत काढून ठेवली. मग फेसबुकवर जन्मवर्ष झाकलं, दिवस आणि महिना तेवढा ठेवला, कारण शुभेच्छा यायला हव्यात. तेवढ्यानंही फेसबुकवरून दिसणारे खण 29,200वरून 365वर आले. त्यांच्या पिनकोडात आता एका खणात शंभर पुरुष बसतात.