उजवा कान की डावा? रोगांच्या यादीतल्या कानाची पार्श्वभूमी

डॉ. विल्यम वाइल्ड हे एकोणिसाव्या शतकातले डब्लिनचे नावाजलेले कानतज्ज्ञ. कानामागच्या हाडात पू झाला की तो काढायला जो छेद घ्यायचे, तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. पण सरकारदरबारी त्यांचं वजन होतं ते दुसऱ्याच कामामुळे. आयर्लंडच्या १८४१ आणि १८५१ च्या जनगणनांमध्ये कोण कशाने दगावलं, बहिरे-मुके किती, याचे तक्ते त्यांनी तयार केले. ‘सर’ हा किताबही त्यांना मुख्यतः त्यासाठीच मिळाला. कान तपासणारा आणि रोग मोजणारा एकच माणूस, असा योग नंतर फारसा आला नाही.

कारण आज डॉक्टर प्रत्येक निदानाला जिच्यातला कोड लावतात, ती रोगांची आंतरराष्ट्रीय यादी (आयसीडी) मुळात मेलेल्यांसाठी होती. लंडनमध्ये विल्यम फार यांनी मृत्यूच्या कारणांची पद्धतशीर वर्गवारी सुरू केली. १८९३ साली शिकागोत पॅरिसच्या जाक बर्तियों यांनी आपली यादी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेपुढे ठेवली, आणि ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांच्या प्रतिनिधींनी तिची १७९ गटांची सुधारित आवृत्ती मान्य केली. कॉलरा, प्लेग, क्षय अशा माणसं नेणाऱ्या रोगांपुढे कानाला त्यात जागा ती किती मिळणार?

तरीही कानाने माणूस मरत असे. ही परिषद झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच पॅरिसमध्ये, सर विल्यम यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड वारला. सुमारे सात आठवडे आधी हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली होती. जुन्या कानाच्या दुखण्यातून जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अशा मृत्यूची नोंद कशी करायची? ‘मेंदूज्वर’ लिहिलं की कान गायब. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, तेव्हा यावर नियम ठरला: ज्या आजाराने साखळी सुरू झाली तो मूळ कारण म्हणून मोजायचा. आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर जो नमुना ४ भरतात, त्यातल्या एकाखाली एक ओळी याचसाठी आहेत. वर तात्कालिक कारण, खाली खाली जात मुळाकडे. सर्वांत खालची ओळ कोरी राहिली, तर वाहणारा कान आकडेवारीत कधीच येत नाही.

१९४८ चा दुसरा बदल कानासाठी जास्त मोलाचा. त्या वर्षापासून यादीत नुसते मृत्यू नव्हेत, आजारपणही मोजायचं ठरलं. पेनिसिलिन आल्यावर कानाने मरणारे कमी झाले; ऐकू न येणारे, चक्कर येणारे, कान वाहणारे मात्र होतेच. तरी नवव्या आवृत्तीपर्यंत कान मज्जासंस्था आणि ज्ञानेंद्रियांच्या प्रकरणात शेवटी, ३८० ते ३८९ या क्रमांकांत बसवलेला होता. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालं, पण कोडच्या सुरुवातीचं अक्षर डोळ्याबरोबर वाटून घ्यावं लागलं: एच ०० ते एच ५९ डोळा, एच ६० ते एच ९५ कान.

या प्रकरणात आपल्या ओपीडीतली नेहमीची मंडळी भेटतात. एच ६१.२ म्हणजे घट्ट बसलेला मळ. एच ६६ मध्ये पू होणारा कान, म्हणजे आपण ‘कान फुटला’ म्हणतो तो. त्यातही ६६.१ म्हणजे ज्याला ईएनटीचे विद्यार्थी ‘सेफ’ म्हणतात तो प्रकार, ६६.२ म्हणजे हाड पोखरू शकणारा ‘अनसेफ’. केसपेपरवर नुसतं ‘सीएसओएम’ (जुनाट पू वाहणारा कान) खरडलं, तर दोघांतला फरक कोड लावणाऱ्याने कुठून काढायचा? पावसाळ्यात कोकणात हमखास दिसणाऱ्या बुरशीच्या कानाची तर वेगळीच गंमत. बुरशीचा कोड संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणातला आणि तोच मुख्य. कानाचा एच ६२.२ तारांकित, म्हणजे दुय्यम. एकच कोड लिहायची सवय असेल तिथे तो बिचारा गळतो.

एवढं सगळं असून कान कुठला, हे मूळ दहावी आवृत्ती विचारत नाही. तो प्रश्न अमेरिकेने आणला. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे लागू झालेल्या स्थानिक आवृत्तीत उजव्याला १, डाव्याला २, दोन्हींना ३ असा अंक सहसा जोडतात. उजव्या कानातला मळ एच ६१.२१, डाव्यातला एच ६१.२२. तीव्र पुवाच्या कानात तर पडदा फुटला की नाही, दुखणं पुन्हापुन्हा होतंय का, हेही कोडमध्ये येतं. एवढा काटेकोरपणा रुग्णासाठी कमी आणि विमा कंपनीच्या बिलासाठी जास्त, असं मला वाटतं. पण त्यामुळे डॉक्टरला बाजू लिहावी लागली हेही खरं. पुण्यात, नवी मुंबईत बसून अमेरिकेतले केसपेपर कोड करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे अंक तोंडपाठ असतात.

अपंगत्वाच्या दाखल्याला मात्र यातला कुठलाच कोड पुरत नाही. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे ‘ऐकू कमी येणे’, ७० डेसिबलला ‘बहिरेपण’. तिथे रोगाच्या नावापेक्षा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बोलतो.

१ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत डोळा आणि कान अखेर वेगळे निघाले. कान दहाव्या प्रकरणात, कोडची सुरुवात ‘एए’पासून; बाजू सांगायला जोडकोड वेगळे. तिच्यासाठी आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोग २८ मोजले आहेत: कर्णशूल, बाधिर्य, कर्णस्राव, कर्णगूथ, पूतिकर्ण वगैरे. आता वैद्याने ‘कर्णस्राव’ लिहिलं आणि शेजारच्या ईएनटीने एच ६६.१, तर तो एकच रुग्ण धरायचा की दोन, हे संगणकाला शिकवण्याचं काम बाकी आहे.