एफआयव्ही आणि फेल्व्ह: पॉझिटिव्ह दोन्ही, पण घर वेगवेगळं लागतं

अ‍ॅडॉप्शनच्या पोस्टमध्ये "मांजर पॉझिटिव्ह आहे, कुणी दयाळू माणूस घेईल का, घरात दुसरी मांजर नको" असं वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, अहो पण कशाला पॉझिटिव्ह? आणि बऱ्याचदा पोस्ट टाकणाऱ्यालाच ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले व्हायरस आहे, एड्ससारखं काहीतरी, बस. मग त्या एका शब्दावर मांजराचं पुढचं सगळं ठरतं, कुणी विनाकारण महिनोन् महिने पिंजऱ्यात बसून राहतं, तर कुणी नको त्या घरात जातं आणि तिथल्या निरोगी मांजरांना आजार देऊन बसतं. दोन्ही प्रकार टाळता येतात, फक्त व्हायरस कुठला, एफआयव्ही की फेल्व्ह, ते आधी विचारायला हवं.

किरकोळ फरक भराभर सांगते. एफआयव्ही म्हणजे फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस, तो १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पेडरसन आणि यामामोटो यांना सापडला. फेल्व्ह म्हणजे फेलाइन ल्युकेमिया व्हायरस, तो त्याच्या बराच आधी, १९६४ मध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट यांनी शोधला. दोन्ही रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या डीएनएमध्ये स्वतःची प्रत घुसवणारे. दोन्ही माणसाला होत नाहीत, कुत्र्यालाही होत नाहीत, त्यामुळे "घरात लहान बाळ आहे" म्हणून पॉझिटिव्ह मांजर परत देणाऱ्यांनी कृपा करून थांबा. आणि एफआयपी ही तिसरीच गोष्ट आहे, ती मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होते आणि त्यावर आता औषधं निघालीयेत, तिचा इथे संबंध नाही, फक्त अक्षरं सारखी दिसतात म्हणून लोक घोळ घालतात.

आता जिथे सगळे अडकतात तो मुद्दा. एफआयव्ही जातो तो मुख्यतः खोल चाव्यातून. लाळेत व्हायरस असतो, पण तो दातावाटे कातडीच्या आत जावा लागतो, शरीराबाहेर तो फार टिकत नाही. म्हणून हा आजार कुणाला दिसतो बघा, नसबंदी न झालेल्या, रात्री पार्किंगमध्ये भांडणाऱ्या, गाल फुगलेल्या, कान फाटलेल्या बोक्यांना. एका वाटीत खाल्लं, एकाच लिटर ट्रेमध्ये गेले, एकमेकांना चाटलं, शेजारी झोपले, यातून तो जाण्याची शक्यता अगदीच कमी. आईकडून पिल्लांना जाऊ शकतो, पण तेही क्वचित.

फेल्व्हचं बरोबर उलटं. तो लाळेत भरपूर असतो, नाकातल्या पाण्यात असतो, शू-शीत असतो, आईच्या दुधातून जातो, पोटात असतानाच पिल्लाला जातो. चाव्यातून जातोच, पण त्याला चाव्याची गरज नाही. रोज एकमेकांचं तोंड चाटणं आणि एका वाटीतून पाणी पिणं त्याला पुरतं. पिल्लांना तर फार पटकन लागतो, मोठ्या मांजरांची प्रतिकारशक्ती थोडी बरी असते पण ती काही हमी नाही.

म्हणजे एफआयव्हीमध्ये मांजरांचं आपसात पटलं की तुम्ही सेफ, आणि फेल्व्हमध्ये पटलं की धोका. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं, आणि हेच कुणी सांगत नाही, सगळे नुसतं "संसर्गजन्य आहे, वेगळं ठेवा" म्हणून मोकळे होतात.

एक उदाहरण देते. सर्जा नावाचा एक भगवा बोका, सोसायटीचा दादा, गळू झालं म्हणून धरला आणि टेस्टमध्ये एफआयव्ही आला. नसबंदी झाली, पुढच्या काही महिन्यांत गाल उतरले, भांडखोरपणा गेला. त्याला ज्या घरी दिला तिथे आधीच एक म्हातारी भाटी होती, निगेटिव्ह. आधी सर्जा वेगळ्या खोलीत, दाराच्या फटीतून वास, मग दार अर्धवट उघडं आणि मध्ये जाळी. जाळी काढल्यावर ती फिस्कारली आणि नखं न काढता त्याच्या नाकावर एक थप्पड ठेवून दिली, आणि हा एवढा मोठा गडी खाली बसला. त्या ताईंनी घाबरून फोन केला की आता हिला लागण होणार का. नाही होणार. फिस्कारणं, थप्पड मारणं, शेपटी फुगवून तिरकं उभं राहणं म्हणजे चावा नव्हे. मला बघायचं असतं ते वेगळं, एक मांजर दुसऱ्याचा माग काढतंय का, कोपऱ्यात कोंडतंय का, अंगावर जाऊन मानेला धरतंय का, केस उपटलेले दिसतायत का. ते दिसलं तर ते घर त्या मांजराचं नाही. नाही दिसलं तर खुशाल ठेवा, वाट्या वेगळ्या करायचीही गरज नाही.

आता फेल्व्हचं बघा. एकाच वेतातल्या दोन बहिणी, एक दुसरीचा कान चाटतेय, मग डोळा, मग तोंडाच्या कडेचं उरलेलं माशाचं पाणी, पाच मिनिटं हेच चाललंय. हा व्हिडिओ टाकला की सगळे हार्ट टाकतात. पण यातली एक फेल्व्ह पॉझिटिव्ह असेल आणि दुसरी निगेटिव्ह, तर आजार जायचा रस्ता नेमका हाच. "अहो त्या भांडत नाहीत, किती प्रेमाने राहतात" हे एफआयव्हीच्या मांजराबद्दल सांगितलं तर मी खूश होते, फेल्व्हबद्दल सांगितलं तर माझ्या पोटात गोळा येतो.

आणि यावरून माझा सगळ्यात मोठा राग, तो म्हणजे "पॉझिटिव्ह रूम". जागा कमी असते, हे मला माहितीये, फॉस्टर करणारे स्वतःच्या दोन खोल्यांमध्ये वीस-वीस मांजरं सांभाळतात आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एफआयव्हीवाले आणि फेल्व्हवाले एकाच खोलीत कोंडणं ही सोय नाही, एफआयव्हीच्या मांजरावर केलेला अन्याय आहे. त्याची प्रतिकारशक्ती आधीच कमजोर, त्यात तुम्ही त्याला फेल्व्हसोबत एका वाटीत जेवायला बसवताय. जागा नसेल तर एफआयव्हीचा शांत, नसबंदी झालेला बोका निगेटिव्ह मांजरांसोबत ठेवा, तो पर्याय कितीतरी बरा. वेगळी खोली खरी लागते ती फेल्व्हला.

टेस्टबद्दल. आपल्याकडे साधारण जी रॅपिड किट वापरतात तिच्यात शेजारी शेजारी दोन खिडक्या असतात, एक एफआयव्हीची, एक फेल्व्हची, प्रत्येकीत सी (किट नीट चालली हे दाखवणारी रेघ) आणि टी (ही आली तर पॉझिटिव्ह). लोक फोटो काढतात तो एकाच खिडकीचा, क्रॉप करून, वर "टू लाइन्स आल्या 😭" लिहून. कुठल्या खिडकीत आल्या ते दिसतच नाही. पूर्ण किटचा फोटो घ्या, तारीख आणि मांजराचं अंदाजे वय लिहा.

वय का, तर एफआयव्हीची खिडकी व्हायरस शोधत नाही, त्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. पॉझिटिव्ह आईच्या दुधातून त्या अँटीबॉडी पिल्लाला मिळतात आणि पिल्लू ठणठणीत असूनही किट दोन रेघा दाखवते. सहा महिन्यांचं झाल्यावर परत टेस्ट केली की यातली बरीच पिल्लं निगेटिव्ह निघतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला एफआयव्हीचा शिक्का मारून "स्पेशल नीड्स" म्हणून पोस्ट टाकणं मला अजिबात पटत नाही, त्या पिल्लाचं सगळ्यात पटकन घर मिळायचं वय त्यातच निघून जातं. फेल्व्हची खिडकी मात्र व्हायरसचंच प्रोटीन शोधते, त्यामुळे तिथे "आईचं आलं असेल" ही पळवाट नाही. तरीही एका किटवर निकाल देऊ नका, विशेषतः मांजर दिसायला तंदुरुस्त असेल तर, कारण काही मांजरं हा व्हायरस दाबून टाकतात आणि नंतरच्या टेस्टमध्ये निगेटिव्ह येतात. काही आठवड्यांनी परत टेस्ट आणि जमलं तर पीसीआर, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी लॅबची टेस्ट. तोवर वेगळं ठेवा. आणि नुकतंच रस्त्यावरून उचललेलं मांजर निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, शेवटच्या संपर्कानंतर फेल्व्ह दिसायला साधारण ३० दिवस आणि एफआयव्ही दिसायला ६० दिवस द्यावे लागतात.

"पण आमच्या मनीचे सगळे डोस झालेत" हे फार ऐकू येतं. ट्रायकॅट या मांजरांच्या नेहमीच्या लशीत तीन आजार असतात, पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. फेल्व्ह त्यात नाही. रेबीजच्या इंजेक्शनचाही काही संबंध नाही. फेल्व्हची लस वेगळी असते आणि ती असली तरी शंभर टक्के संरक्षण देत नाही, त्यामुळे "लस देऊन टाकू आणि एकत्र ठेवू" हे माझ्या हिशेबात बसत नाही. उलट एक घाबरायचं कारण नसलेली गोष्ट सांगते, फेल्व्हचं मांजर गेल्यावर त्या घरात वर्षभर दुसरं आणू नये असं लोक सांगतात ते पॅनल्यूकोपेनियाचं आहे, तो चिवट असतो. एफआयव्ही आणि फेल्व्ह मात्र घरात पडून राहत नाहीत, साध्या साबणाने, डिटर्जंटने मरतात.

मग घर कसलं बघायचं. एफआयव्हीसाठी, घरातली बाकीची मांजरं नसबंदी झालेली आणि स्वभावाने निवांत हवीत, ओळख करून द्यायला घरच्यांकडे धीर हवा. मुळात एफआयव्हीची बरीच मांजरं निगेटिव्ह मांजरांइतकीच जगतात, त्यामुळे अशा घराला मी "शेवटची सेवा करा" वगैरे बोलत नाही, कारण ते खरं नाही. दात आणि हिरड्यांवर लक्ष ठेवा, तोंडातून वास, खाताना ओरडणं, लाळ गळणं दिसलं की लगेच डॉक्टर.

फेल्व्हसाठी, एकतर घरात दुसरं मांजर नाही, किंवा आहे ते फेल्व्हचंच. आणि हे लोकांना सुचतच नाही, पण कुत्रा असलेलं घर चालतं. मांजराची सवय असलेला शांत कुत्रा असेल तर फेल्व्हच्या एकट्या मांजराला सोबत मिळते आणि कुणालाच धोका नाही. दोन फेल्व्ह बहिणी असतील तर तोडू नका, जोडीनेच द्या. या घराशी मात्र सरळ बोलावं लागतं. रक्तात व्हायरस कायम राहिला तर बहुतेक मांजरं निदानानंतर साधारण तीन वर्षांत जातात, पिल्लं त्याआधीच. रक्त कमी होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, होतो. हे आधी सांगितलं तर लोक पळतील अशी भीती वाटते, पण न सांगता दिलेलं मांजर पहिल्या ब्लड रिपोर्टला परत येतं, आणि परत आलेल्या मांजराचे हाल जास्त होतात. जी माणसं ऐकूनही "हो" म्हणतात ती टिकतात.

दोघांसाठी सारखं असलेलं थोडक्यात. नसबंदी. कच्चं मांस-मासे नाही, कोळीण देते ते मांदेलीचं डोकंही उकडून. सहा महिन्यांनी एकदा तपासणी. आणि कायम घरात, खिडक्या-बाल्कनीला जाळी. म्हणूनच "गावाला आजीकडे सोडतो, मोकळं राहील" ही ऑफर मी दोन्ही मांजरांसाठी नाकारते. आजी प्रेमळच असणार, त्यात शंका नाही, पण गावच्या घराचं दार दिवसभर उघडं असतं, मांजर वाड्यात, गोठ्यात, शेजाऱ्यांच्या पडवीत फिरतं, एफआयव्हीचा बोका तिथल्या बोक्यांशी भांडणार आणि फेल्व्हची भाटी अख्ख्या आळीतल्या पिल्लांपर्यंत तो व्हायरस नेणार. बरं, त्यांना बाहेर जे काही लागेल ते झेलायची ताकदही नसते.

देताना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या, व्हायरसचं नाव पूर्ण, टेस्टच्या तारखा, पुढची टेस्ट कधी, आणि मांजराचा इतर मांजरांशी स्वभाव कसा. तोंडी सांगितलेलं पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही, तिथे जाऊन ते परत "कसलातरी व्हायरस" होतं. आणि नाही जमलं तर मांजर तुमच्याकडेच परत येईल, मध्येच दुसऱ्या कुणाला दिलं जाणार नाही, हे त्याच कागदावर सहीसकट घ्या, फेल्व्हच्या बाबतीत तर याशिवाय देऊच नका.