जुवे किल्ल्यावरील हल्ला (१६८३)

गोव्यातल्या तिसवाडीच्या जुवे बेटावरचा पोर्तुगीज किल्ला छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री घेतला. दुसऱ्या दिवशी तो सोडवायला आलेल्या पोर्तुगीज तुकडीची दाणादाण उडाली. पोर्तुगीज कागदांत या बेटाला सांत इस्तेव्ह म्हणतात. गोव्याच्या बाजारात आज ते सात शिरांच्या लांब भेंडीसाठी ओळखले जाते.

त्या वर्षी औरंगजेब दक्षिणेत होता आणि मराठे-मोगल युद्ध पेटलेले होते. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द ताव्होरा, म्हणजे आल्व्होरचा काउंट, याने मोगलांची बाजू उचलली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. येसाजी कंक व त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला. महाराज स्वतः मदतीला पोहोचताच व्हाइसरॉय दुर्भाटमार्गे माघारी पळाला. फोंड्याच्या जखमांनी कृष्णाजी पुढे मरण पावले. जुव्याचा हल्ला हे फोंड्याला दिलेले उत्तर होते.

जुवे मांडवीच्या पाण्यात आहे आणि राजधानी, म्हणजे आजचे जुने गोवे, तिथून अगदी जवळ. अशा बेटाची खरी तटबंदी म्हणजे भरतीचे पाणी. मराठे रात्री ओहोटी साधून उतरले आणि बेसावध शिबंदीकडून किल्ला हिसकावून घेतला. मराठी वर्णने इथे घाई करतात असे वाटते. अनोळखी खाडीत, अंधारात, चिखल तुडवत नेमक्या वेळी पलीकडे जायचे, तर पाण्याचे वेळापत्रक ठाऊक असलेला माणूस बरोबर हवा. त्याचे नाव कुठे राहिले नाही.

२५ तारखेला सकाळी व्हाइसरॉय सुमारे चारशे माणसे घेऊन आला. टेकडीवरून मराठे तुटून पडले. सुमारे दीडशे पोर्तुगीज शिपाई मेले, काही चिखलात रुतून; व्हाइसरॉय जखमी होऊन जेमतेम होडीपर्यंत पोहोचला. पाठलाग मात्र पाण्याने अडवला. खाजनशेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या, बांधात ‘मानस’ नावाचा लाकडी दरवाजा असतो: भरतीच्या रेट्याने फळी मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडते. ही व्यवस्था मोडली की खारे पाणी शेतात भरते आणि वाटा बुडतात. पोर्तुगिजांनी बांध फोडल्याचे सांगितले जाते. अशा पाण्यात घोडा घातलेल्या महाराजांना त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी वाचवले, ही आठवण चिटणीस घराण्याच्या परंपरेत जपलेली आहे. बांध फुटल्यावर खारावलेल्या शेतांचे, ती कसणाऱ्या गावकऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणत्याही परंपरेत नाही.

राजधानीत भीतीने हाहाकार उडाला. व्हाइसरॉयने बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्याच्या हाती ठेवून नगराचे रक्षण कर अशी याचना केली. मराठ्यांनी जुवे लगेच सोडले, पण डिसेंबरात गोव्यातले साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्या धाडींनी होरपळले. जानेवारी १६८४ च्या सुरुवातीला औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज घाट उतरून येऊ लागली, तेव्हा महाराज मागे फिरले. शहर वाचले ते मोगलांमुळे. श्रेय संताला मिळाले.

धक्का इतका मोठा होता की आल्व्होरने राजधानीच मुरगावला हलवण्याचे काम हाती घेतले. ते पुरे झाले नाही. जुव्याच्या टेकडीवर आज ख्रिस्तराजाचा पुतळा उभा आहे, खाली खाजने, आणि त्यांच्यापलीकडे तेच चढते-उतरते पाणी.