कोकणातील ख्रिस्ती घरांतील प्रार्थना आणि मनन-वही : पार्श्वभूमी

रोज ठरावीक वेळी प्रार्थना करणे, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचणे आणि त्यावर वहीत चार ओळी लिहिणे ही तिन्ही कामे आज एकाच सवयीचे भाग म्हणून शिकवली जातात. कोकण किनाऱ्यावर मात्र ती एकत्र आलेली नाहीत. प्रार्थना पोर्तुगीज अमदानीपासूनची आहे, घरोघरचे वाचन एकोणिसाव्या शतकातील छापखान्यामुळे सुरू झाले, आणि वही, विशेषतः कॅथलिक घरांत, गेल्या साठ वर्षांतली आहे.

लिहिण्याची कल्पना तशी फार जुनी. इजिप्तच्या वाळवंटातील एका तपस्व्याचे चौथ्या शतकात लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे. त्यात तो आपल्या शिष्यांना मनातील हालचाली जणू दुसऱ्याला दाखवायच्या आहेत अशा रीतीने लिहून ठेवण्यास सांगतो, म्हणजे लाजेपोटी तरी माणूस सावरेल. १५४८ साली रोमची मान्यता मिळालेल्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) साधनापुस्तकात आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखून, ज्या दोषाशी झगडायचे तो दिवसातून दोनदा आठवून, जितक्या वेळा घडला तितके ठिपके द्यावेत अशी पद्धत आहे. सवय नोंदवण्याचे जे तक्ते आज छापून विकले जातात, त्यांचा हा पूर्वज म्हणण्यास हरकत नाही. हे पुस्तक ज्यांच्या साधनेचा पाया होते तेच लोक वसईत आणि गोव्यात धर्मशिक्षण देत होते, पण रेघा-ठिपक्यांची ही साधना सामान्य बाप्तिस्मा घेतलेल्यांपर्यंत पोहोचवली गेली नाही. त्यांच्या वाट्याला पाठांतर आणि श्रवण आले. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापलेले मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराणही रोमन लिपीत होते आणि बहुतेकांनी ते वाचले नाही, ऐकले. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतल्यावर युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि उरलेल्या समाजाला मोजक्या एतद्देशीय धर्मगुरूंवर व घरच्या पाठांतरावर भिस्त ठेवावी लागली. संध्याकाळच्या घंटेनंतर घरातील सर्वांनी एकत्र जपमाळ म्हणण्याच्या प्रथेला उत्तर कोकणात जे वजन आहे, त्यामागे हा काळ आहे.

वाचनाचा प्रवाह दुसऱ्या दिशेने आला. १८२३ साली स्कॉटलंडहून आलेले मिशनरी बाणकोटला उतरले आणि पुढे हर्णैलाही त्यांचे केंद्र झाले. त्यांनी आधी शाळा काढल्या, कारण त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे स्वतः वाचू शकणे. मराठी नवा करार १८११ साली बंगालमधील श्रीरामपूरला छापला गेला होता. मुंबईतील अमेरिकन मिशनरींचा नवा करार १८२६ साली पूर्ण झाला आणि संपूर्ण बायबल १८४७ साली आले.

या छपाईमागे लंडनच्या बायबल संस्थेचे एक धोरण होते आणि त्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. १८०४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत परस्परांशी न पटणाऱ्या अनेक पंथांचे सभासद होते. ग्रंथाला टीप जोडली की ती कोणत्या ना कोणत्या पंथाची होणार, म्हणून कोणतीही टीप किंवा भाष्य न देता केवळ मूळ वचने छापायची, असा नियम ठरला. त्यापाठोपाठ दुसरा वाद पेटला. कॅथलिक परंपरेतील जुन्या करारात टोबीत, शलमोनाचे ज्ञान, बेनसिरा, मक्काबी यांसह सात पुस्तके अधिक आहेत. त्यांच्या छपाईसाठी संस्थेचा पैसा वापरायचा नाही, असा निर्णय १८२६ साली झाला. निर्णय मनासारखा होऊनही स्कॉटलंडमधील शाखांचे समाधान झाले नाही आणि त्या बाहेर पडल्या. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हाती आलेला ग्रंथ अशा रीतीने ६६ पुस्तकांचा आणि टिपांविना होता.

रोमची भूमिका नेमकी उलट होती. लोकभाषेतील बायबल वाचण्यास १७५७ पासून सर्वसाधारण मुभा होती, परंतु भाषांतराला धर्माधिकाऱ्यांची मान्यता हवी आणि सोबत मान्य टिपा हव्यात, ही अट १९१७ च्या धर्मसंहितेतही कायम राहिली. एका बाजूने वाचकावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्या बाजूने अविश्वास दाखवला, अशी या मतभेदाची मांडणी नेहमी केली जाते. ती मला अपुरी वाटते. परुशी कोण, शोमरोनी लोकांशी यहुद्यांचे वैर कशासाठी, हे ठाऊक नसलेल्या बाणकोटच्या वाचकापुढे कोरा मजकूर ठेवणे हा विश्वास खरा, पण ती अडचणही होती. रोमनेच १८९८ साली रोज किमान पाव तास शुभवर्तमान वाचणाऱ्याला दंडमाफी (पापाबद्दल भोगायच्या शिक्षेतून सूट) जाहीर केली होती, तेव्हा वाचनालाच विरोध होता असेही म्हणता येत नाही. मात्र परिणामात फरक पडला. ज्याच्या ग्रंथात टीप छापलेली नव्हती, त्याला उपदेशातून ऐकलेले स्पष्टीकरण कुठेतरी टिपून ठेवावे लागले, आणि ती जागा आधी समासात व मग वहीत सापडली. मनन-वहीचे मूळ भक्तीइतकेच या गरजेत आहे, असे माझे मत आहे. १९६८ साली दोन्ही बाजूंनी भाषांतरातील सहकार्याची समान तत्त्वे मान्य केली आणि माहितीपर टिपांना वाट मिळाली, तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या.

वर्षभरात संपूर्ण ग्रंथ वाचण्याचे वेळापत्रकही त्याच स्कॉटिश वळणाचे. १८४२ साली डंडी येथील एका तरुण पाळकाने रोज चार अध्यायांची योजना आपल्या मंडळीसाठी आखली. ती इतकी पसरली की तिच्या सोप्या आवृत्त्या आजही दर जानेवारीत वाटल्या जातात. गणित साधे आहे : ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय क्रमाने वाचत गेल्यास जानेवारी संपताना लेवीय समोर येते, आणि यज्ञविधींच्या तपशिलात वही बंद पडते. नव्या कराराचे २६० अध्याय आठवड्याला पाच या गतीने वर्षात बसतात, शिवाय दोन दिवस मोकळे राहतात. नवशिक्याला ही वाट अधिक मानवते.

कॅथलिक घरांत बदल झाला तो १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वाचावे असे परिषदेने स्पष्ट सांगितले आणि १९६९ साली मिस्सेत वाचायच्या उताऱ्यांची नवी वाचनमालिका ठरली : रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात, सामान्य काळातील (मोठ्या सणांचे काळ वगळून उरलेल्या आठवड्यांतील) साध्या दिवसांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्रात, तर साध्या दिवसांचे शुभवर्तमान दरवर्षी तेच. वही ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची बाब फार उपयोगाची आहे, कारण गेल्या वर्षी त्याच उताऱ्यावर काय लिहिले होते ते समोर ठेवून लिहिता येते. वर्षभराच्या योजनेत खाडा पडला की थकबाकी साचते. वाचनमालिकेत आजचे वाचन आजच असते. १९७० च्या दशकात करिश्माई (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारे) प्रार्थनागट मुंबई परिसरात आले आणि पुढे अशा गटांतून, शिबिरांतून मनन लिहिण्याची पद्धत उत्तर कोकणातील धर्मग्रामांत रुजली.

वेळेचा प्रश्न मात्र आयात केलेल्या सल्ल्याने सुटला नाही. सकाळी उठल्याबरोबर एकांतात देवासमोर बसण्याचा आग्रह १८८० च्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांमध्ये धरला गेला आणि तिथून तो मिशनांमार्फत सर्वत्र गेला. वसतिगृहात राहणाऱ्याला तो सोयीचा आहे. भरती-ओहोटी पाहून होडी काढणाऱ्या अर्नाळ्याच्या किंवा वेंगुर्ल्याच्या घरात, किंवा पहाटेच्या गाडीने फुले-भाजी मुंबईला नेणाऱ्या वसईच्या घरात सकाळ कोणाच्याच मालकीची नसते. तिथे टिकलेली वेळ संध्याकाळची आहे, आणि जपमाळेला जोडून दहा मिनिटे वहीला दिली तर ती टिकते, असा अनुभव आहे. पाठांतराच्या प्रार्थनेला यांत्रिक ठरवून वहीची भलामण करणारे ही बाब सोयीस्करपणे विसरतात.

मोबाईल आल्यापासून रोजच्या वाचनाचे संदर्भ संदेशाने येतात आणि मजकूर ॲपमध्ये उघडतो. इथे ती सात पुस्तके वगळणारा १८२६ चा निर्णय पुन्हा समोर येतो. विषम वर्षांत सामान्य काळाच्या सातव्या-आठव्या आठवड्यात बेनसिरा, नवव्यात टोबीत आणि तेहतिसाव्यात मक्काबी यांची वाचने असतात, आणि ॲपमधील मराठी बायबल ६६ पुस्तकांचे असेल तर ती तिथे मिळतच नाहीत. त्या दिवसांत छापील कॅथलिक बायबल काढावे लागते, नाहीतर पहिले वाचन सोडून त्या दिवसाच्या शुभवर्तमानावरच लिहावे लागते.