ग्रामीण प्रदेशातील पर्यायी पर्यटनक्षमतेचे मूल्यमापन

एखाद्या ग्रामीण प्रदेशात पर्यायी पर्यटन रुजेल का, रुजल्यास कोणत्या प्रकारचे, किती प्रमाणात आणि कोणाच्या फायद्याचे, याचा काम सुरू होण्याआधी घेतलेला पद्धतशीर अदमास. त्यात प्रदेशाची नैसर्गिक व सांस्कृतिक साधनसंपत्ती, तेथवर पोहोचण्याच्या वाटा व सोयी, स्थानिक लोकांची तयारी, पर्यटकांची मागणी आणि परिसराची सोसण्याची मर्यादा तपासली जाते. भूगोल, ग्रामविकास, पर्यावरण आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवरचा हा विषय आहे. त्याचा निष्कर्ष ‘येथे पर्यटन नको’ किंवा ‘आताच नको’ असाही निघू शकतो. तशी मुभा नसलेला अभ्यास म्हणजे आधीच ठरलेल्या प्रकल्पाची जाहिरात होय.

सामूहिक पर्यटनात मोठी हॉटेले, ठरीव सहली आणि बाहेरचे भांडवल यांचा वरचष्मा असतो. त्याच्या दुष्परिणामांची चर्चा १९७० नंतर वाढली आणि वेगळ्या वाटेने जाणारे प्रकार, म्हणजेच पर्यायी पर्यटन, पुढे आले. कृषी पर्यटन, निसर्ग पर्यटन, पदभ्रमण, पक्षिनिरीक्षण, वारसा व हस्तकला पाहण्यासाठीचा प्रवास, गावातल्या घरी मुक्काम हे त्यांतले प्रमुख. लहान गट, निवांत मुक्काम, बव्हंशी स्थानिक मालकी आणि पाहुण्याने गावाच्या रीतीने राहणे ही त्यांची समान लक्षणे आहेत. मात्र लहान आहे म्हणून ते निरुपद्रवी असतेच असे नाही. भूगोलज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९९० मध्येच हा धोका दाखवून दिला होता. हॉटेलात उतरणारा पर्यटक गावाच्या वेशीवरून परततो. घरात उतरणारा स्वयंपाकघरापर्यंत, सणावारापर्यंत, दुःखाच्या प्रसंगापर्यंत पोहोचतो. शिवाय त्याने शोधलेल्या वाटेने उद्या गर्दीही येऊ शकते.

पूर्वपीठिका. ग्रामीण भागात पाहुणे उतरवून शेतकरी कुटुंबाला जोड उत्पन्न मिळवून देण्याचा संघटित प्रयत्न फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात झाला. तेथील ‘जीत द फ्रान्स’ या संस्थेचा राष्ट्रीय महासंघ १९५५ मध्ये स्थापन झाला. सेनेगालच्या दक्षिणेकडील कासामान्स प्रदेशात १९७० च्या दशकात गावांनी स्थानिक मातीच्या बांधणीचे छोटे पांथनिवास उभारले. ते गावकऱ्यांनीच चालवले आणि शिल्लक पैसा गावाच्या सामाईक कामांना लावला. नेपाळमध्ये १९८६ मध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पदभ्रमण करणाऱ्यांच्या मुक्कामासाठी होणारी जळणाची तोड हा मोठा प्रश्न होता. लाकडाऐवजी रॉकेल वापरण्यावर तेथे भर देण्यात आला. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये ‘लीडर’ हा ग्रामविकास कार्यक्रम हाती घेतला आणि स्थानिक गटांनी आपल्या भागाचे बलाबल स्वतः तपासून योजना आखावी, ही पद्धत त्यातून दृढ झाली. २००२ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय निसर्ग पर्यटन वर्ष होते. त्याच वर्षी केप टाउन येथे जबाबदार पर्यटनाचा जाहीरनामा संमत झाला. जागतिक पर्यटन संघटनेने २०२१ पासून उत्तम पर्यटन गावांची निवड सुरू केली. त्यासाठी गावाची लोकसंख्या १५,००० च्या आत असावी लागते आणि नऊ क्षेत्रांत त्याची पारख होते.

साधनसंपत्तीची नोंद. मूल्यमापनाची सुरुवात बहुधा यादीने होते : डोंगर, जंगल, पाणवठे, जुनी बांधकामे, बाजार, उत्सव, कारागिरी, पीकपद्धती, वाद्ये, बोली. नुसती यादी मात्र फार काही सांगत नाही. प्रत्येक नोंदीसोबत ती वस्तू वर्षातून किती दिवस पाहण्याजोगी असते, तिची मालकी कोणाची, तिथवर जाणारी वाट कोणाच्या शेतातून जाते, आणि गावाला ती दाखवायची आहे का, हे लिहावे लागते. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारायचा राहून जातो. काही देवस्थाने, राई किंवा विधी बाहेरच्यांसाठी नसतात. ते नकाशावर आणण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही.

गावकऱ्यांना ज्याचे विशेष वाटत नाही, तेही यादीत यायला हवे. इटलीतील फ्रिऊली प्रदेशात १९७६ च्या भूकंपानंतर रिकामी राहिलेली घरे दुरुस्त करण्याच्या खटपटीतून ‘विखुरलेले हॉटेल’ ही कल्पना निघाली. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या गावभर पसरलेल्या दुसऱ्या घरांत, आणि नव्या इमारतीची गरज नाही. ओस घरे तोवर गावाची उणीव मानली जात होती.

जागांची वर्गवारी करण्यासाठी अमेरिकेत रॉजर क्लार्क आणि जॉर्ज स्टँकी यांनी १९७९ मध्ये मांडलेला विहारसंधींचा वर्णपट उपयोगी पडतो. निर्मनुष्य रानापासून शहरापर्यंत त्याचे सहा वर्ग आहेत आणि ‘ग्रामीण’ हा त्यांतला एक. एकाच तालुक्याएवढ्या प्रदेशात चार वर्ग सापडू शकतात. रानातल्या शांततेसाठी येणारा आणि जत्रेसाठी येणारा यांना एकाच पायवाटेवर आणले तर दोघांचाही हिरमोड होतो.

लोक आणि त्यांचा वेळ. ग्रामीण मूल्यमापनाचा गाभा येथे आहे. रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून १९८० व १९९० च्या दशकांत जगभर पसरलेल्या सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाची माहिती मांडून तपासण्याच्या रीतीची, साधने यासाठी वापरतात. त्यांतले हंगामी कालदर्शक हे साधन साधे, पण फार बोलके आहे. गावकरी जमिनीवर बारा घरे आखतात. एका ओळीत पाऊस किती, ते दगडांनी दाखवतात, दुसऱ्या ओळीत शेतीकामाचा ताण बियांनी, तिसरीत पाण्याची टंचाई, चौथीत हाताला काम नसलेले महिने, पाचवीत आजारपण. मग सर्वांत खाली पर्यटक कधी येतील ते मांडतात. पर्यटकांचा हंगाम आणि टंचाईचे महिने एकाच घरात आले, की सभेत शांतता पसरते. जे अहवालाच्या वीस पानांतून कळले नसते ते तेथे सर्वांना एकदम दिसते. याउलट शेतीची कामे थंडावलेल्या आणि पाणी असलेल्या महिन्यांत पाहुणे येणार असतील, तर तो प्रदेश खरोखर क्षमतेचा मानावा.

कालदर्शक पुरुष आणि स्त्रिया यांच्याकडून वेगवेगळे काढून घेणे आवश्यक असते. घरगुती मुक्कामाच्या व्यवस्थेत स्वयंपाक, अंथरूण-पांघरूण, धुणे आणि स्वच्छता यांचा भार बहुतेक ठिकाणी स्त्रियांवर पडतो आणि पैसे मात्र पुरुषाच्या हाती जातात. ‘कुटुंबाची तयारी आहे’ असे घरातल्या कर्त्या पुरुषाने सांगितले, तर ते अर्धेच उत्तर समजावे.

शेती मोडून पर्यटन उभे राहिले, तर पाहुणा ज्यासाठी आला तेच उरत नाही. इटलीच्या १९८५ च्या कृषी पर्यटन कायद्याने म्हणूनच शेती मुख्य आणि पाहुणचार तिला पूरक, अशी अट घातली. पाहुण्यांची वाटणी हाही क्षमतेचाच भाग आहे. नेपाळमधील सिरुबारी गावात १९९७ मध्ये सामुदायिक घरगुती मुक्काम सुरू झाला, तेव्हा कोणता पाहुणा कोणाच्या घरी हे समितीने पाळीने ठरवण्याची पद्धत ठेवली. अशी पाळी लावण्याइतका विश्वास गावात आहे का, सहकारी संस्था किंवा बचतगट किती वर्षे सुरळीत चालले, जुने तंटे कोणते, ही चौकशी धबधब्याची उंची मोजण्याइतकीच महत्त्वाची ठरते.

पोहोच आणि मागणी. रस्ता, सार्वजनिक वाहन, जवळचा दवाखाना, दूरध्वनीचे जाळे, कचऱ्याची व सांडपाण्याची सोय यांची पाहणी तुलनेने सोपी असते. मागणी जोखताना मात्र फसगत होते. सर्वेक्षणात ‘अशा गावात राहायला आवडेल का’ या प्रश्नाला शहरातले बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. म्हणून आसपासच्या ठिकाणी आज प्रत्यक्ष किती जण येतात, किती रात्री राहतात, कशावर खर्च करतात आणि पुन्हा येतात का, यावर भर द्यावा. दुर्गमता नेहमीच उणीव ठरत नाही. अवघड वाट गर्दीला आपोआप आळा घालते.

धारणक्षमता. परिसराला किती माणसे पेलतील याचा हिशेब करण्याची एक पद्धत मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये मध्य अमेरिकेतील संरक्षित क्षेत्रांसाठी मांडली. ती तीन पायऱ्यांची आहे. समजा, पायवाट २,००० मीटर लांब आहे. दहा जणांच्या गटाला, पुढच्या गटापासूनचे अंतर धरून, १०० मीटर लागतात. म्हणजे एका वेळी २० गट, २०० माणसे. वाट आठ तास खुली आणि फेरी चार तासांची असेल, तर दिवसाला दोन आवर्तने, म्हणजे ४०० भेटी. ही भौतिक क्षमता झाली. आता पावसाने वाट बंद राहते तो काळ वजा करून ०.७, मातीची धूप होणाऱ्या भागासाठी ०.५ आणि अवघड चढासाठी ०.५ असे गुणक लावले, तर ४०० चे ७० होतात. ही वास्तव क्षमता. वाटाडे, स्वच्छतागृहे आणि देखरेख मिळून आवश्यक व्यवस्थेच्या ४० टक्केच उपलब्ध असेल, तर परिणामकारक क्षमता २८ वर येते. गणित काल्पनिक असले तरी ४०० पासून २८ पर्यंतची घसरण प्रत्यक्षातही या जातीची असते. आराखड्यात छापला जातो तो आकडा अनेकदा पहिल्या पायरीचा असतो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. गुणक निवडताना अभ्यासकाचा कल शिरतो, आणि दहा बेशिस्त माणसे शंभर शिस्तशीर माणसांहून अधिक हानी करू शकतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधकांनी १९८५ मध्ये ‘स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादा’ ही नऊ टप्प्यांची रीत मांडली, ती या आक्षेपाला उत्तर देते. किती माणसे, हा प्रश्न बाजूला ठेवून किती बदल चालेल, हे ती विचारते : पायवाट किती रुंदावली तर चालेल, ओढ्याचे पाणी किती गढूळ झाले तर थांबायचे. ग्रामीण प्रदेशात दोन्ही पद्धती जोडीने वापराव्यात. पाणी, जळण आणि कचरा यांना आकड्याची मर्यादा हवी, तर वाटा आणि पाणवठ्यांना बदलाची.

गावकऱ्यांचीही एक धारणक्षमता असते. जी. व्ही. डॉक्सी यांनी १९७५ मध्ये तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : उत्साह, उदासीनता, त्रासिकपणा आणि उघड विरोध. ऑस्ट्रियातील हालस्टाट हे आठशेच्या आत वस्तीचे जागतिक वारसा गाव हंगामात हजारो दिवसपाहुण्यांनी भरून जाऊ लागले, तेव्हा २०२० मध्ये सहलींच्या बसगाड्यांना आगाऊ वेळ ठरवूनच प्रवेश देण्याची व्यवस्था करावी लागली. पहिल्या पायरीवरच्या गावात घेतलेली मुलाखत चौथ्या पायरीचा अंदाज देत नाही. म्हणून जिथे पर्यटन आधी पोहोचले आहे अशा शेजारच्या गावातील लोकांशी बोलणे भाग असते.

पैशाचा माग. पाहुण्याने दिलेल्या रकमेतून किती गावात राहते हे शोधण्यासाठी एका मुक्कामाचा खर्च ओळीने लिहून काढतात : धान्य, भाजी, दूध, इंधन, चादरी, वाहन, वाटाड्या, आरक्षण करणाऱ्या मध्यस्थाचे कमिशन. प्रत्येक ओळीपुढे ते पैसे गावात गेले की बाहेर, एवढेच नोंदवायचे. बाहेर जाणाऱ्या हिश्शाला गळती म्हणतात. दूध-भाजी गावातली नसेल, तर घर भरलेले असूनही गाव रिकामेच राहते. पर्यटन हेच एकमेव उत्पन्न झाले तर काय होते, तेही मांडावे लागते. कासामान्समध्ये १९८२ पासून सशस्त्र संघर्ष सुरू झाला आणि पांथनिवासांचे पाहुणे आटले. २०२० मध्ये साथीमुळे जगभरातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या ७० टक्क्यांहून अधिक घसरली.

गुणांकन. गोळा झालेली माहिती एकत्र आणण्यासाठी निकषांना भार देऊन बेरीज करण्याची प्रथा आहे. भार ठरवण्यासाठी टॉमस साटी यांची श्रेणीबद्ध विश्लेषण प्रक्रिया (निकषांची दोन-दोन करून तुलना करण्याची रीत) आणि जागा दाखवण्यासाठी भौगोलिक माहिती प्रणाली (संगणकावरील नकाशात माहिती मांडण्याची व्यवस्था) वापरतात. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा चौकोनही प्रचलित आहे, पण तो बऱ्याचदा कोणत्याही गावाला लागू पडेल असा भरला जातो.

बेरजेत एक मोठा दोष आहे. निसर्ग ९, वारसा ८, पोहोच ७, लोकांची तयारी ८ आणि उन्हाळ्यातले पाणी १, असे दहापैकी गुण मिळाले, तर एकूण ५० पैकी ३३ होतात आणि प्रदेश ‘चांगल्या’ गटात बसतो. प्रत्यक्षात पाण्याचा एक गुण बाकीचे चारही रद्द करतो. त्यामुळे पाणी, सांडपाणी, जमिनीचे हक्क आणि गावाची संमती यांना आधी किमान पात्रतेची चाळणी लावावी आणि तीतून पार पडलेल्या प्रदेशालाच गुण द्यावेत. गुण देणारेही एकाच गोटातले नसावेत. अधिकारी, सहल आयोजक, भूमिहीन मजूर, गुराखी आणि शाळेतली मुले यांच्या गुणांतली तफावत सरासरीत बुडवू नये. ती वेगळी छापावी.

निष्कर्ष आणि फेरतपासणी. अहवालातून प्रकार, प्रमाण, हंगाम, मालकी आणि थांबण्याच्या खुणा या पाचही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात, आणि तो गावाच्या बोलीत गावापुढे वाचला जायला हवा. बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचे जीवनचक्र मांडले : शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, साचलेपण आणि नंतर ऱ्हास किंवा नवजीवन. मूल्यमापन सामान्यतः शोधाच्या टप्प्यावर होते. सहभागाकडून विकासाकडे जाताना जमिनीचे भाव आणि बाहेरचे भांडवल यांनी चित्र पालटते. त्या वळणावर दुसरी पाहणी ठरलेली असावी आणि तिचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. तोवर दर हंगामात विहिरीची पातळी, कचऱ्याचे वजन, गावाबाहेरच्यांना विकलेल्या जमिनीचे व्यवहार आणि पाहुणे उतरवणे बंद केलेल्या घरांची संख्या, या चार नोंदी गावातल्याच कोणीतरी ठेवल्या, तर दुसऱ्या पाहणीला तुलनेसाठी आधार मिळतो.