कक्षेतील भारहीनता

कक्षेतील भारहीनता : पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशयानातील माणसांना आणि वस्तूंना वजन न जाणवण्याची अवस्था. तेथे गुरुत्वाकर्षण उरत नाही म्हणून ही अवस्था येते, असा समज शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक भूपृष्ठापासून सुमारे 400 किमी. उंचीवर फिरते, म्हणजे ठाण्याहून सावंतवाडी सरळ रेषेत जेवढी दूर आहे, जवळपास तेवढेच. गुरुत्वबल पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि हे अंतर 6,371 किमी.वरून जेमतेम 6,771 किमी. झालेले असते, त्यामुळे गुरुत्वत्वरण दर सेकंद वर्गास 9.8 मी.वरून 8.7 मी.पर्यंतच उतरते. सुमारे 3,84,000 किमी. दूरच्या चंद्राला जे बल धरून ठेवते, ते 400 किमी.वर नाहीसे होण्याचे काही कारण नाही.

आपल्याला वजन म्हणून जे जाणवते, तो खरे तर आधाराचा रेटा असतो. वाशीच्या घाऊक बाजारात 50 किलो कांद्याचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की पोते काट्याला खाली दाबते, काटा त्याला तितक्याच बलाने वर रेटतो आणि या रेट्यावरून आकडा उमटतो. तोच काटा 400 किमी. उंचीच्या काल्पनिक मनोऱ्याच्या माथ्यावर नेला, तरी तो सुमारे 44 किलो दाखवील. पोते आणि काटा तेथून एकाच वेळी सोडून दिले, तर मात्र दोन्ही सारख्याच त्वरणाने पडत राहतील, पोत्याला काट्यावर दाब देता येणार नाही आणि आकडा शून्यावर येईल.

कक्षेतील यान याच रीतीने अखंड पडत असते. फक्त त्याला प्रचंड आडवा वेग असतो. अवकाशस्थानक सेकंदाला सुमारे 7.66 किमी. पुढे जाते, म्हणजे ज्या अंतराला लोकलने अर्धा तास लागतो ते ठाणे–वाशी अंतर ते दोन-अडीच सेकंदांत ओलांडील. त्याच एका सेकंदात ते सुमारे 4.3 मी. खाली पडते, परंतु तेवढ्या वाटचालीत पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असल्याने दोहोंतील अंतर कमी होत नाही. उंच पर्वतावरून पुरेशा वेगाने डागलेला तोफगोळा जमिनीवर न पडता पृथ्वीला प्रदक्षिणा घालील, हा न्यूटनचा युक्तिवाद याच स्वरूपाचा होता. गुरुत्वबल आणि केंद्रोत्सारी बल (फिरणाऱ्या वस्तूला केंद्रापासून बाहेर ढकलणारे भासमान बल) एकमेकांना निष्प्रभ करतात, असे जे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, ते यानाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या चौकटीत चालते. नवख्या वाचकाला मात्र त्यातून पडण्याची मुख्य गोष्टच निसटते. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी 51.6° कललेली असल्यामुळे ते ठाणे–नवी मुंबईच्या आकाशातूनही जाते, आणि आभाळ निरभ्र असल्यास सूर्यास्तानंतर किंवा पहाटे खाडीकाठावरून न लुकलुकणाऱ्या ठळक ठिपक्यासारखे सरकताना दिसू शकते.

स्थानकातील भारहीनता काटेकोरपणे पूर्ण नसते. अतिविरळ वातावरणाचा रोध, यंत्रांची कंपने आणि स्थानकाच्या निरनिराळ्या भागांचे पृथ्वीकेंद्रापासूनचे किंचित वेगळे अंतर यांमुळे अल्प त्वरणे शिल्लक राहतात. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘सूक्ष्मगुरुत्व’ ही संज्ञा वापरतात. वातावरणाच्या रोधाने कक्षाही हळूहळू खाली येते व ती वेळोवेळी इंजिनांच्या साहाय्याने उंचवावी लागते.

या अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, त्यामुळे ज्योत निमुळती न राहता गोलसर होते, आणि पंखे बंद पडल्यास झोपलेल्या माणसाच्या नाकातोंडापाशी त्याच्याच उच्छ्‌वासातील कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकून चेहरा सुजल्यासारखा दिसतो. एरवी शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे 1 टक्क्याने घटते, व ही झीज रोखण्यासाठी अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. वजन नसले तरी वस्तुमान कायम असते. ते मोजण्यासाठी अंतराळवीराला स्प्रिंगच्या आसनावर बसवून त्याच्या दोलनाचा काळ टिपतात, कारण वस्तुमान जितके जास्त तितके दोलन मंद होते.